आरे-वारेच्या फोटोवरचे आकडे

मुलांनो,

मे महिन्यात याल तेव्हा तुम्ही शर्टांवर आकडे लावून येणार आहात, असं तुमच्या आईनं मला फोनवर सांगितलं. धाकट्याच्या छातीवर पाच, मोठीच्या छातीवर सहा. पुठ्ठा कापून झालाय, मोठीनं वाटी ठेवून गोल काढलेत, रंगवायचे तेवढे राहिलेत. सांगताना ती हसत होती आणि मीही हसले, कारण फोनवर दुसरं काय करणार. पण तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. गेल्या रविवारच्या कॉलवर तुम्ही जे पाहिलंत ते अर्धंच होतं. स्क्रीन बंद झाल्यावर इथे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, आणि ते माहीत नसताना एवढा प्रवास करून तुम्ही दारात येऊन उभं राहावं असं मला वाटत नाही.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. नोकरीभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा मलाही ते जड नाही. पण या सगळ्यात माझी जी चूक झाली ती आपल्यासारख्या घरातच होऊ शकते, आणि इंग्रजीत तिचा खुलासा करता करता मूळ गोष्ट बाजूला राहील. बाबा वाचून दाखवतील. त्यांनी मधला कुठलाही भाग गाळू नये.

तुमचे आजोबा सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. जेटी, धक्के, बंधारे यांची ड्रॉइंग काढायची हे त्यांचं काम. गेल्या दोनेक वर्षांत ते विसरायला लागले, हे तुम्हाला ठाऊक आहे. आधी वस्तू विसरले, मग बाजारातून घरी यायचा रस्ता, मग माणसं. इथले डॉक्टर म्हणाले, घरातल्या माणसांचा एक मोठा फोटो त्यांच्या खुर्चीसमोर लावा, प्रत्येकाच्या शेजारी ठळक अक्षरात कोण ते लिहा, रोज दाखवा. उपयोग होईलच असं ते म्हणाले नव्हते. करून बघा, म्हणाले.

फोटो कुठला घ्यायचा हा प्रश्न नव्हताच. मागच्या खेपेला तुम्ही आला होतात तेव्हा आरे-वारेला, वरच्या वळणावर काढलेला तो एकच फोटो असा आहे की ज्यात आपण सहाही जण आहोत. मागे दोन्ही किनारे दिसतात. उन्हामुळे सगळ्यांचे डोळे बारीक झालेत आणि आईची ओढणी वाऱ्यानं बाबांच्या तोंडावर येते आहे. कोणा पर्यटकानं काढून दिला होता. त्याला आजोबांनी तीन वेळा मागे सरकवलं, पाय कापले जातील म्हणून.

फोटोवर नुसतं पेनानं लिहिता आलं असतं. पण चेहरे लहान, त्यात अक्षर कुठे बसवणार, आणि एकदा चुकलं की फोटो गेला. म्हणून कॉम्प्युटरवर करायचं ठरवलं. बाबा ठेवून गेले त्या लॅपटॉपवर फोटोत फेरफार करायचा एक फुकटचा प्रोग्राम होता. फोटोवर आकडे आणि नावं कशी घालायची, हे समजावणारं एक इंग्रजी पान इंटरनेटवर मिळालं. ते मी छापून आणलं आणि शेजारी ठेवून ओळीनं करत गेले. आधी फोटोवर एक नवा, काचेसारखा पारदर्शक थर टाकायचा. त्यावर पांढरा गोल काढायचा, त्याला काळी कड द्यायची, गोलात आकडा घालायचा. शिफ्ट दाबून धरलं की रेघ सरळ येते. प्रत्येक गोष्टीला वेगळा थर, म्हणजे एक चुकलं तर बाकीचं हलत नाही. हे मला फार पटलं. मराठी लिहायला गेले तेव्हा मात्र अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटले. फॉन्ट बदलला तेव्हा कुठे नावं दिसायला लागली.

आकडे कसे द्यायचे ते मला कोणी शिकवायला नको होतं. सगळ्या संसारात मी ते आजोबांच्या तोंडून ऐकत आले आहे. गोल सगळे एका मापाचे हवेत. डावीकडे वरून सुरुवात करायची आणि घड्याळाच्या काट्यासारखं फिरत यायचं. गोल कडेला, मोकळ्या जागेत, आणि तिथून वस्तूपर्यंत बारीक रेघ. रेघेनं रेघ कापायची नाही. ड्रॉइंगवर शब्द लिहायचे नाहीत, खाली सूची द्यायची. आजोबांच्या ड्रॉइंगवर आकडे इंग्रजी असत म्हणून मीही इंग्रजीच घातले. मागच्या रांगेत बाबा एक, आई दोन, आजोबा तीन. मग उजवीकडून पुढच्या रांगेत मी चार, धाकटा पाच, मोठी सहा.

आणि खाली सूचीत मी लिहिलं: 1 बाबा, 2 आई, 3 आजोबा, 4 आजी. मग तुम्हा दोघांची नावं.

एवढी आखीव माणूस मी, पण लिहिताना क्षणभरही थांबले नाही. तुम्ही झाल्यापासून या घरात आम्ही एकमेकांना तसंच हाक मारतो. माझ्या मुलाला मी ‘बाबा, जेवायला या’ म्हणते, आजोबा मला ‘आजी, चहा टाक’ म्हणत. आमच्यासाठी ती नावंच झाली होती. सगळे थर एकत्र केले, फाइल त्याच नावानं सेव्ह केली, बाजारातल्या दुकानातून मोठा प्रिंट काढून प्लॅस्टिक चढवून आणला, कारण इथल्या हवेत कागद महिनाभरात सादळतो. आणून त्यांच्या खुर्चीसमोर लावला.

आजोबा उठून जवळ गेले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना एखादी गोष्ट इतक्या लक्षपूर्वक बघताना पाहिलं. हात पाठीमागे बांधून, ऑफिसात बघत असतील तसे.

“ही पाचची रेघ सहाच्या रेघेवरून गेलीय,” ते म्हणाले. “कोणी काढलंय?”

“मी.”

“नवीन आहात का?”

“हो.”

“शिकाल. आकडे सुबक आलेत.”

मला ‘तुम्ही’ म्हणायला त्यांनी त्याआधीच सुरुवात केली होती. त्याची सवय झाली होती. मग त्यांनी सूची वाचायला घेतली. एक, बाबा. बोट रेघेवरून वर गेलं. “हे बाबा नव्हेत. बाबांना चष्मा कुठे होता?” दोन, आई. इथे ते बराच वेळ बघत राहिले. “आईनं हे काय घातलंय? पँट?” मला हसू आलं, कारण तुमच्या आईनं त्या दिवशी खरंच पँट घातली होती, आणि त्यांची आई मी पाहिली आहे, ती नऊवारीतली. तीन, आजोबा. “आजोबांना मिशा होत्या.” आणि मग चार. माझ्या चेहऱ्यापर्यंत बोट आलं आणि तिथंच थांबलं.

“आजी,” ते म्हणाले. “आजी आलीय? कुठाय?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सूचीतली नाती मी तुमच्या बाजूनं लिहिली होती. वाचणार होते ते.

त्यानंतर ते रोज आजीला शोधायला लागले. फोटो पुसत राहायचे, माझ्या चेहऱ्यावरच, आणि मला विचारायचे की ह्या कुठे भेटतील. दुपारी चहा झाला की चपला घालून निघायचे. आजी गुहागरला आहे, शेवटची एसटी चुकायला नको. त्यांचं मूळ गाव तिकडचं. मी दाराला वरून कडी बसवून घेतली. मग पावसला फोन करून तुमच्या आत्याआजीला, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. निदान बहिणीला तरी ओळखतील, अशी आशा होती.

ती आली ती आमसुलांची पिशवी ठेवायच्या आधी फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

“काय गो वहिनी, शाळा सुटली तरी पोरांना नंबर देणं सुटलं नाय तुझं?”

“डॉक्टरांनी सांगितलं, वन्सं.”

“फोटो लाव म्हणून सांगितलं असेल. ही तर हजेरी मांडलीस. आणि स्वतःला चौथा नंबर? एवढी शिकलेली आणि चौथी?”

मी तिला झाला प्रकार सांगितला. ती हसायची थांबली. आजीनंच दादाला वाढवलं, असं तिनं सांगितलं. आईची बाळंतपणं एकामागून एक, त्यामुळे हा कायम आजीच्या कुशीत. आजी गेली तेव्हा तो शाळेत होता. बरेच दिवस कोणाशी बोलला नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

आजोबा खुर्चीतून तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

“दादा, मी कोण?”

“पावसची बस मिळाली का?” ते म्हणाले. ओळखलं की नाही ते कळेना. मग हळूच विचारलं, “आजी तुमच्याबरोबर नाही आली?”

“दादा, आजी गेली रे. कधीच गेली.”

तिनं ते सांगायला नको होतं, पण तिला तरी काय माहीत. आजोबांना ती बातमी त्याच क्षणी कळली. लहान मुलासारखे रडले. आपल्याला कोणी कळवलं कसं नाही, म्हणून विचारत राहिले. आत्याआजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि माझ्याकडे बघत होती. रात्री जेवले नाहीत. सकाळी उठले ते सगळं विसरून, आणि दात घासून झाल्यावर म्हणाले, “आजीला बोलवा.”

जाताना दारात आत्याआजी म्हणाली, “तो फोटो काढून टाक गो.”

मी काढला. पण भिंत रिकामी दिसली की ते ड्रॉइंग कुठे गेलं म्हणून अस्वस्थ व्हायचे, दुसऱ्या टेबलावर गेलं का विचारायचे. म्हणून पुन्हा करायला बसले. तर थर सगळे एकत्र करून मी मूळ फोटोवरच सेव्ह करून बसले होते. आकडे, रेघा, ‘आजी’, सगळं फोटोत मुरलं होतं. पुसायला गेलं की खालचा समुद्रही पुसला जात होता. बाबांकडून फोटो परत मागवला तेव्हा त्यांनी विचारलं, आई, पुन्हा कशाला? मी म्हटलं, रेघ चुकलीय.

या वेळी वाचणाऱ्याच्या बाजूनं लिहिलं. मुलगा. सून. तीन नंबरला त्यांचं पूर्ण नाव. पाचला नातू आणि धाकट्याचं नाव, सहाला नात आणि मोठीचं नाव. चारपाशी मी अडले. ‘बायको’ लिहिलं, आणि पुढे माझं नाव.

हे नाव त्यांनीच ठेवलेलं. आमच्या वेळी लग्नात मुलीचं नाव बदलत. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, ते मग सगळ्यांनी वाचायचं. तांदळातही त्यांची अक्षरं सारख्या उंचीची आली होती, सगळे त्याला हसले होते. लिहिलं, पण त्या नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नाही. आधी ‘अगं’, मग तुमच्या बाबांची आई, मग आजी. घरात नाव घ्यायची पद्धतच नव्हती. मीही त्यांचं घेतलं नाही. ते नाव शाळेच्या मस्टरवर, बँकेत आणि रेशनकार्डावर वापरात राहिलं.

नवा प्रिंट लावला. आजोबांनी आधी रेघा तपासल्या, मान डोलावली. स्वतःचं नाव वाचून म्हणाले, “माझं नाव आहे म्हणजे हे मीच काढलेलं असणार.” मी बरं म्हटलं. मग चार. “बायको,” त्यांनी वाचलं, आणि पुढे माझं नाव, स्पष्ट, ज्या सुरात हजेरी घेतात त्या सुरात. लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. मी समोरच उभी होते.

“छान नाव आहे,” ते मला म्हणाले. “कुठे असतात ह्या?”

आजीला बोलवणंही थांबलं नाही. सूची बदलली तरी ते एकदा मनात शिरलेलं निघालं नाही. चपला अजून मी कपाटावर ठेवते.

आता गेल्या रविवारचं. कॉल लावताना मी फोटो भिंतीवरून काढून लॅपटॉपशेजारी टेकवून ठेवला होता, त्यांना बघायला सोपं जावं म्हणून. धाकट्या, तुला तो तुझ्या स्क्रीनवर दिसला, तू विचारलंस की आम्हाला नंबर का दिलेत, आणि बाबांनी विषय बदलला. मग तू उठून गेलास आणि कागदावर गोल काढून त्यात पाच लिहून आलास, आणि कागद गळ्यापाशी धरून बसलास. ही तुझी कल्पना चांगली होती. माझ्या डोक्यात आली नव्हती. आजोबा पुढे झुकले. “पाच,” ते म्हणाले, बोटानं रेघ पकडून खाली आले. “पाच. नातू.” आणि तुझं नाव घेतलं. तुम्ही ओरडलात, आई तोंडावर हात ठेवून उठून गेली, मोठीनं सहाचा कागद आणला आणि तोही त्यांनी बरोबर वाचला. त्यांना मजा येत होती. बाबा म्हणाले, “आई, ओळखतायत गं.” मलाही तसंच वाटलं होतं.

स्क्रीन बंद झाली. आजोबा चष्मा पुसत म्हणाले, “हुशार मुलं आहेत. ड्रॉइंग वाचता येतं त्यांना. कोणाची?”

“तुमची नातवंडं ती.”

त्यांनी फोटोकडे बघितलं. “हो,” म्हणाले. “लिहिलंय तसं.”

मग म्हणाले की उशीर होतोय, मुलांना न्यायला कोणीतरी येणार असेल ना.

मला वाटलं, कदाचित स्क्रीनवर चेहरे नीट दिसले नसतील. समोर असेल तर वेगळं होईल. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी घरात दुसरं कोणी नसताना मी कागदावर गोल काढून चार लिहिलं, पदराला टाचणीनं लावलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. तुम्हाला हसू येईल, येऊ दे. मलाही आरशात बघून आलं होतं. आजोबांनी कागद वाचला. उठून फोटोपाशी गेले, चार शोधला, रेघेवरून बोट नेलं ते माझ्या चेहऱ्यापर्यंत, आणि खाली येऊन वाचलं. बायको. माझं नाव. मग वळून पुन्हा माझ्या पदराकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. सगळं हाताशी होतं. मी काही सुचवलं नाही.

“त्यांचा नंबर तुमच्याकडे कसा?” ते म्हणाले. “त्या आल्या की द्या त्यांना.”

मी टाचणी काढून कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला.

डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी मला खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आकडा आणि अक्षर यांची जोडी त्यांना लावता येते, म्हणाले. अक्षर आणि माणूस यांची येत नाही, आणि ती परत लागणार नाही. नवा फोटो, मोठी अक्षरं, वेगळा रंग, यानं काही बदलणार नाही. मोठीनं आता केस कापलेत आणि धाकटा वीतभर वाढलाय, म्हणून मी बाबांकडे ताजा फोटो मागणार होते. तो आता मागत नाही.

तेव्हा मे महिन्यात या, आकडे लावायचे तर लावा. ते बरोबर वाचतील आणि तुमच्याशी छान वागतील. परक्यांशी ते पहिल्यापासून अदबीनं वागतात. दारात उभं राहून ‘ओळखलंत का’ असं मात्र विचारू नका. उत्तर नाही असंच आहे, आणि तुम्ही परत जाईपर्यंत ते बदलणार नाही. त्यांनी तुम्हाला न्यायला कोण येणार असं विचारलं, तर बाबा येतील म्हणा. आजी कुठे आहे असं विचारलं, तर माझ्याकडे बोट दाखवू नका, आणि ती गेली असंही सांगू नका. गुहागरला आहे म्हणा. मी तेच म्हणते.

काय गेलं ते सांगून झालं, आता काय उरलंय ते. आजोबांना वाचता येतं. अक्षरं ठळक असली आणि उजेड चांगला असला, की न अडखळता वाचतात.